हलिमाचाचींची शपथ

"मी शपथ घेणार नाय," हलिमाचाची म्हणाल्या आणि ओढणी सावरून साहेबांसमोरच्या खुर्चीत घट्ट बसल्या.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीच्या कलेक्टर ऑफिसात मी तेव्हा नागरिकत्वाचं टेबल सांभाळत होतो. तुम्हीआम्ही जन्मानंच नागरिक. आपल्याला कोणी काही म्हणायला लावत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र अर्ज, पोलीस चौकशी, मंजुरी आणि शेवटी अधिकाऱ्यासमोर निष्ठेची शपथ. म्हणजे 'मी राज्यघटनेशी प्रामाणिक राहीन, कायदे पाळीन' असं मोठ्यानं म्हणायचं आणि सही करायची. मिनिटाचं काम.

चाची जन्मानं मोंबासाच्या. माहेरची माणसं मूळची इकडचीच, व्यापारासाठी तिकडे गेलेली. इथल्याच मांडवीच्या कासमभाईंशी लग्न होऊन आल्या त्याला जमाना झाला होता. मुलं इथेच झाली, पण पासपोर्ट केनियाचा, तोही कधीच संपलेला. आता मस्कतला लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. भारतीय पासपोर्टाशिवाय विमान नाही आणि शपथेशिवाय पासपोर्ट नाही.

आमचे साहेब घाटावरचे, नवेच आलेले. "का घेणार नाही?"

"साहेब, मासळी कोणाकडनं घेता?"

"आहे एक बाई. आईची शपथ घेऊन सांगते, ताजी आहे म्हणून."

"आणि निघते कशी?"

रविवारची मासळी खाऊन सोमवारी साहेबांचं पोट बिघडलेलं असतं, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं.

"जिची मासळी शिळी, तीच शपथा घेते," चाची म्हणाल्या. "सासूनं पयल्याच दिवशी शिकवलं मला. आमच्या घरात कोण शपथ घेत नाय. मी घेतली तर लोक म्हणतील, हिच्यात कायतरी खोट हाय."

शेजारी बसलेल्या कासमभाईंनी कपाळाला हात लावला. जहाजावर वादळं पाहिलेला माणूस, पण बायकोपुढे त्यांचं काही चालत नसे. "अगो, म्हण ना एकदाचं! पोर तिकडं वाट बघतेय."

"तुमी म्हणा."

"मला कशाला? मी इथलाच!"

"मग गप बसा."

साहेबांनी समजुतीचा सूर लावला. "हे पाहा, नोकरीला लागताना मीसुद्धा शपथ घेतली आहे."

"अगो बाई! तुमच्यावर कोणाचा संशय होता?"

आता फाईल परत गेली तर सगळं पहिल्यापासून. त्या लेकीच्या काळजीनं मीच मध्ये पडलो. "चाची, निकाहात 'कबूल' म्हणालात ना? तेव्हा कुठे कोणाचा संशय होता?"

चाची विचारात पडल्या. मला वाटलं, जिंकलो.

"तेव्हा यांनी पण कबूल म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दोघांनी म्हटलं, म्हणून मला कमीपणा नाय. आताही म्हणते मी. पण तिकडनं कोण म्हणणार?"

"तिकडनं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"सरकार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"शासनाच्या वतीनं कबुली द्यायचे अधिकार मला नाहीत. वरून मार्गदर्शन मागवावं लागेल."

"सर," मी हळूच म्हणालो, "मार्गदर्शन येईपर्यंत नातवंड शाळेत जाईल."

साहेबांनी शपथेचा कागद चाचींपुढे सरकवला. मग म्हणाले, "दार लावून घ्या."

चाची उभ्या राहिल्या. कागद हातात धरून एकेक शब्द खणखणीत म्हणाल्या, आणि साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब उठले, उगाच खाकरले, कॉलरचं बटण लावलं.

"कबूल."

"तीनदा म्हणायचं असतं साहेब," कासमभाईंना अचानक कंठ फुटला.

साहेबांनी तीनदा म्हटलं. नवरदेवासारखे लाल झाले होते.

"हां," चाची म्हणाल्या. "आता सही कुठं करू?"

लेकीचे दिवस भरायच्या आत चाची मस्कतला पोचल्या. नातू झाला, ऑफिसात खजूर आले.

पुढे मी बऱ्याच जणांच्या शपथा पाहिल्या. दर वर्षी ऑफिसच्या आवारात उभं राहून स्वतःही कसल्या ना कसल्या घेतल्या. समोरून उत्तर आलं ते त्या एकदाच. त्यामुळे नागरिकानं निष्ठेची शपथ घ्यायला हवी का, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, घ्या की. फक्त समोर 'कबूल' म्हणणारं कोणी उभं आहे का, ते आधी बघून घ्या.