दामूच्या कुंपणातून गेलेली लाल रेघ

मंडळी, गेल्या वर्षी मुळगावच्या ग्रामसभेत झरीकडे जाणारी गावाची जुनी वाट दाखवायला मी संगणकाच्या काचेवरच पेनाने रेघ ओढली. शेजारचा दामू फिदीफिदी हसला, "तात्या, ती पाटी न्हय!"

ते मी विसरलो नाही. वर्षभर चुकतमाकत शिकून स्क्रीनवर पारदर्शक थर पसरून त्यावर रेघा ओढणारं टूल बनवलं.

आज त्याच सभेत जुन्या नकाशावर झरीची वाट लाल रंगाने गिरवली. मग रेघ तशीच ठेवून खाली त्याच मापाचा आजचा उपग्रहाचा फोटो लावला. रेघ थेट दामूच्या नव्या कुंपणातून गेली!

"पूस ती, तात्या!" दामू ओरडला.

"पुसतो बाबा. आधी कुंपण काढ."

सभा हसली आणि माझा जीव थंड झाला. खरं सांगा, राग मनात धरून तुम्ही काय शिकलात?