वकिलासाठी लावलेला कौल

देवावर माझा विश्वास होता, पण तो माझ्या मनासारखं करील तोवरच, हे आज कबूल करायला हरकत नाही. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वखार जाळल्याच्या आरोपावरून धरून नेलं, तेव्हा मला हे कळलं. निपाणीजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांची तंबाखूचीच शेती. शेजारच्या शिवाप्पांशी बांधावरून भांडण झालं आणि मालक रागाच्या भरात चारचौघांत बोलून गेले, "तुझ्या वखारीला आग लागंल बघ!" तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती खरंच लागली. मालक त्या वेळी रानात एकटेच होते, पण तसं सांगायला साक्षीदार कुणी नव्हता. खटला बेळगावच्या सेशन कोर्टात उभा राहणार होता. गुन्हा शाबीत झाला तर कित्येक वर्षं तुरुंगात काढावी लागतील, असं जो तो सांगत होता. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

घरात वाद सुरू झाला तो वकिलावरून. माझे दीर म्हणत, बेळगावचा बॅरिस्टरच हवा. त्याच्या बंगल्याच्या ओसरीवर आम्ही अर्धा दिवस बसलो. साहेब बाहेर आले, घड्याळाकडे पाहिलं आणि कागद कारकुनाकडे द्यायला सांगून आत गेले. मालकांचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नाही. माझा ओढा निपाणीच्या एका वकिलाकडे होता. त्याचा आवाज कोर्टाबाहेरच्या चिंचेखाली ऐकू येई. शिवाप्पाला भर कोर्टात कुणीतरी असं झापावं, की त्याला तोंड लपवायला जागा उरू नये, एवढीच माझी वकिलाबद्दलची समज होती.

शेवटी सासरे म्हणाले, "भांडत बसू नगासा. आईला कौल लावू." आमच्याकडे अडलेल्या कामाला ग्रामदेवीला असं विचारतात. गुरव ओल्या कळ्या देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटवतो आणि कुठली कळी पडते ते बघतो. उजवी पडली तर बॅरिस्टर, डावी पडली तर निपाणीचा वकील, असं आम्ही बोललो. मी मनातल्या मनात डाव्या कळीला ढकलत होते, खोटं कशाला सांगू! पण एकही कळी पडेना. नैवेद्य निवून गेला, सासऱ्यांचे पाय दुखायला लागले, तरी कळ्या जागच्या जागी. गुरव हळूच म्हणाला, "पाटलीणबाई, तुम्ही आईला दोनच दारं दाखवलासा. तिला दोनीबी पसंत न्हाईत."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त रागच आला. नवरा तुरुंगात आणि देवी गप्प! परतताना वाटेवरच्या मळ्यात पाणी मागितलं. तिथल्या जैन आक्कांनी पाणी फडक्यातून गाळून दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. "काय झालं गं बाई?" एवढं विचारायचा अवकाश, मी सगळं ओकून टाकलं. त्या म्हणाल्या, "चिकोडीला आमच्या भावकीतले एक वकील हायत. लई मोठं नाव न्हाई त्यांचं. पर समोरच्याचं ऐकून घेत्यात." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आक्कांना आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही त्यांची गाठ पडली नाही.

चिकोडीचे वकील किडकिडीत, बोलणं एवढं हळू की कान पुढे करावा लागे. माझा धीरच खचला. त्यांनी भांडणाचं विचारलं नाही. वखारीत पाला भरला तेव्हा तो नीट वाळलेला होता का, हे विचारलं. ओलसर तंबाखूचा ढीग वरचेवर परतला नाही तर आतून तापतो आणि कधी कधी पेटतोही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण मालकांच्या त्या एका वाक्यापुढे साऱ्या गावाला त्याचा विसर पडला होता. शिवाप्पा तर कामाला चोख माणूस, त्यांच्या हातून अशी हयगय होईल असं कुणाला वाटणार!

कोर्टात शिवाप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलांनी झापलं नाही, दरडावलं नाही. मळ्यात भेटल्यासारखं विचारलं, "आप्पा, ढीग शेवटचा कधी परतला होता?"

 आगीच्या आदल्या दिवशीच परतला होता, असं शिवाप्पा म्हणाले असते तर त्यांना खोडून काढणारं कुणीच नव्हतं. पण ते खाली बघून म्हणाले, "मच्छे गावाला दिलेली लेक आजारी हुती. माझं मन हितं नव्हतं, साहेब. धा दिवस ढिगाला हात लावला न्हाई. आदल्या दिवशी करपट वास आलता. म्हटलं, उद्या बघू."

मालक सुटले. सर्व्हिस मोटारीतून घरी येताना ते माझ्या शेजारी बसले होते आणि मुलगी त्यांच्या मिशा ओढत होती. मला फार सुख झालं होतं. पण मनात एक गोष्ट टोचत होती, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मालकांना नेल्यापासून रोज सकाळी तुळशीपुढे हात जोडून मी देवीकडे एकच मागत होते, की कोर्टात उभं राहिल्यावर शिवाप्पाची वाचा बसावी.

देवीने माझं ऐकलं नाही, म्हणून माझा संसार राहिला. तेव्हापासून मी तिच्यापुढे अडचण सांगते आणि गप्प बसते. उपाय सुचवायला जात नाही.