काठ्यांची खांदेमळणी

मी हिंजवडीत नोकरीला असताना कोळवणकडच्या एका गोल्फ मैदानावर जायचो. तिथं एक शेतकरी गृहस्थ खेळायला येत. मैदानासाठी जमीन विकताना त्यांनी सभासदत्वही मागून घेतलं होतं. पांढरा पायजमा, गांधी टोपी आणि राग कायम नाकावर. चेंडू झाडीत गेला की ते काठी जमिनीवर आपटत आणि बैलाला झापावं तसं तिला झापत, "कुटं बघतीया? खायाला घालत न्हाई व्हय तुला?" माझं लक्ष खेळापेक्षा त्या बोलण्याकडेच असे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर गोठा रिकामा. ओट्यावर गोल्फच्या काठ्या मांडून ते एकेकीच्या मानेला हळद-तूप चोळत होते.

"बैल इकलं," ते म्हणाले. "पण वरीसभर ज्याला मारलं, त्याचं खांदं आज मळायचं असत्यात."

पोळ्याला त्यांनी काठ्यांना सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी पहिलाच चेंडू तळ्यात गेला. त्यांनी काठी उगारली, तिच्या मानेवरची हळद पाहिली आणि तिला अलगद गवतावर ठेवलं.

मग टोपी काढून आपटली.