आजाऱ्याच्या नावाची फेरी

पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात आजारी पडायला मनाई नव्हती. उलट, सकाळी मैदानावर रांगा लागल्या की उस्ताद, म्हणजे आम्हाला कवायत शिकवणारे हवालदार, रोज विचारायचे, कोणी आजारी आहे का. जी मुलगी पुढे येई तिला कडेच्या लिंबाखाली उभं करायचे आणि बाकी सगळ्यांना तिच्या नावाने मैदानाभोवती एक जादा फेरी मारायला लावायचे. तिने फक्त बघायचं. तिच्यासमोरून पळताना मुली जे पुटपुटायच्या, ते ऐकून चढलेला तापसुद्धा उतरावा. ज्याने ही पद्धत काढली त्याला माणसं नीट कळत होती, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

माझ्या खोलीत नामपूरकडची एक मुलगी होती. शेतात कांद्याच्या गोण्या उचलून वाढलेली, माझ्यासारख्या नाशिक रोडच्या सरकारी क्वार्टरमधल्या मुलीला पळताना सहज मागे टाकणारी. पावसाळा सरता सरता तिची नडगी दुखायला लागली. सिमेंटवर टाचा आपटून आपटून आमच्यातल्या बऱ्याच जणींची दुखायची, हिची सुजली. दवाखान्यात चल म्हटलं की ती मोजा वर ओढायची.

"पाय बेस शे," एवढंच तिच्या अहिराणीत म्हणायची, म्हणजे पाय ठीक आहे.

डॉक्टरने विश्रांती लिहून दिली की मैदान बुडणार, मैदान बुडालं की पुढच्या बॅचला ढकलणार. आणि गावात तिच्या निवडीचा फ्लेक्स तर कधीच चौकात लागला होता. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, असलं ते दुखणं.

अशात मनःस्वास्थ्याचं लेक्चर आलं. बाहेरून आलेल्या बाईंनी आमच्याकडून फुगे फुगवून घेतले, डोळे मिटायला लावले, मग मनमोकळं हसा म्हणाल्या. आम्ही हुकमावर हसलो आणि हुकमावर थांबलो. बाईंना ते फार आवडलं. मग त्या म्हणाल्या, कोणाला कसलाही त्रास असेल तर न घाबरता बोला, इथलं इथेच राहील. उस्ताद दारातच उभे होते. बाई भल्या होत्या, पण इतकं भाबडं असायचा त्यांना काय अधिकार होता? माझी मैत्रीण भुलली. उभी राहिली आणि पाय दुखतो म्हणाली. बाईंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी काही विचारलंच नाही. तिला थेट झाडाखाली पाठवलं आणि आम्हाला पळायला लावलं. निम्मी फेरी झाली नसेल, तोच मागून बूट वाजले. आपल्या नावाची फेरी दुसऱ्यांनी मारलेली तिला बघवली नव्हती. मी थांब थांब म्हणत राहिले. ती मला ओलांडून पुढे गेली आणि वळणावर कोसळली. हाड मोडलंय हे सांगायला डॉक्टर लागला नाही.

उस्ताद धावत आले, तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले. त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

"आधी सांगायचं होतंस ना, पोरी," ते म्हणाले.

पडल्या पडल्या तिने दोन्ही हात मांड्यांना ताठ चिकटवले.

"चूक झाली, उस्ताद."