वडशातला टांगलेला माइक
नव्या तांदळाचा वास आला की मी वडसा गावातल्या भाताच्या त्या गोदामात पोचतो, जिथं उन्हाच्या तिरिपेत कोंडा तरंगत होता. शाळा सोडलेल्या मला शहरातल्या स्टुडिओत काम हवं होतं, त्यासाठी गाणं पाठवायचं होतं. गिटारीला एक, गळ्याला एक माइक हवा होता, ऐपत एकाचीच. त्याच गोदामात सामान ठेवणारे, नाटकांना साउंड पुरवणारे चाचा म्हणाले, "आमची अख्खी मंडळी एका टांगलेल्या माइकखाली बोलते, तुले दोन काऊन पाह्यजे?" त्यांनी पोत्यांच्या मधोमध माइक टांगला. मी तोंड जवळ नेलं. "मांगं हो बाबू, खायचा नाई तो!" चाचा ओरडले. मी मागं सरलो, मग गिटार आणि गळा एकजीव झाले. चाचांनी गाणंभर रोखलेला श्वास शेवटी सुटला, तोही रेकॉर्ड झाला. तो न कापताच गाणं पाठवलं आणि स्टुडिओतून बोलावणं आलं. आता घरापासून इतक्या लांब, स्टुडिओत गाण्याआधी भीती वाटली की मी त्या रेकॉर्डिंगमधला फक्त तो श्वास ऐकतो.