पट्टा ओरडतोय

माझ्या मामाचं इंजिन ऐकणं बघण्यासारखं असतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मामीच्या मते इतकं मन लावून त्यानं घरात कुणाचंच ऐकलेलं नाही.

खाली गॅरेज, वर स्वयंपाकघर, मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. पूर्वी जेवण तयार झालं की मामाला बोलवायला मामी वाटीवर चमचा वाजवायची. हल्ली धाडधाड पाय आपटते. "अजून चिडलेलीच आहे," मामा मला हळूच सांगायचा, आणि मान खाली घालून जिना चढायचा.

त्या दिवशी शिंपी आपली जुनी गाडी घेऊन आला. "चालू केली की चिरचिरते हो."

मामानं इंजिनावर इथं तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकलं. "बेअरिंग ठणठणीत आहेत. तुमचा आवाज कुठंय?"

माझे दात आंबायची वेळ आली होती, इतकी ती चिरचिर गॅरेजभर चालली होती. शिंपी माझ्याकडे बघायला लागला. "अहो, आत्ता येतोय की!"

मामाचा चेहरा उतरला. हे त्याला स्वतःला कधीचं कळलेलं होतं, ते मला त्या चेहऱ्यावरून कळलं. ज्याच्या कानांवर गॅरेज चालतं त्यालाच बारीक आवाज येत नाही, ही बातमी शिंप्याच्या दुकानातून गावभर व्हायला कितीसा वेळ? मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मामी तांब्या घेऊन खाली आली. "अहो, पट्टा ओरडतोय," म्हणाली, अगदी मामाच्या समोर उभी राहून, आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर तिनं लांबूनच पाणी शिंपडलं. चिरचिर थांबली. पाणी सुकलं तशी परत सुरू झाली.

मामानं गाडी बंद करून पट्ट्यावरून बोट फिरवलं. "गुळगुळीत झालाय. बदलून ठेवतो, उद्या या."

"दोघांनी मिळून पकडलंत होय," शिंपी म्हणाला आणि समाधानानं गेला.

मामा स्टुलावर बसला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चमचा ऐकू येईना झाला तेव्हापासून. म्हणून तर पाय आपटते. जाड आवाज येतो तुम्हाला."

"मला वाटलं, चिडलीयेस."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"आणि एकदाही विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर कारणं ऐकावी लागली असती."

मामी हसली नाही. तिनं त्याच्या कानाला लागलेलं ग्रीस पदरानं पुसलं. "उद्यापासून भाजी इथंच बसून निवडीन. बारीक आवाज माझे, जाड तुमचे," म्हणाली आणि वर गेली.

थोड्या वेळानं माडीवर धाडधाड झालं. मामानं हात पुसले आणि मान वर करून जिना चढला.