उलटा बसणारा मिस्त्री

माझ्या जुन्या मोटारसायकलची चेन चढावर दाते सोडून कडाकडा वाजायला लागली, तेव्हा मी सेनगावच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने फक्त चेनकव्हर काढलं. "चालवा तुमी, मी ऐकतो," म्हणत तो माझ्या पाठीला पाठ लावून उलटा बसला आणि वाकून चेनीकडे बघत राहिला. रस्त्यातले लोक त्याला रामराम घालत होते आणि हसत होते मला. पुसेगावात स्वतःच्या दाराशी तो उतरला. "उद्या सांजच्याला अजून एकदा ऐकावं लागन."

चौथ्या दिवशी निकाल लागला. "चेन अन् दोन्ही स्पॉकेट बदला. दाते झिजून आकड्यावानी झालेत. पयल्या दिशीच दिसलं व्हतं."

"मग चार दिवस काहून ऐकत होता?" मी भडकलो.

"माह्या गाडीची बी चेन गेली ना," तो शांतपणे म्हणाला. "घरी जाऊ कसा?"

नवी चेन बसली आणि गाडी मुकी झाली. परवा तो दुसऱ्याच कुणाच्या मागे उलटा बसून निघाला होता. जाणाऱ्या माणसाची आपल्याला पाठच दिसते. हा मात्र वळण येईपर्यंत माझ्याकडे बघून हात हलवत होता.